आमच्या रानातली येळवस

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, युसूफ वडगावच्या बाजूला गावात चिटपाखरू राहत नाही. ज्याचं त्याचं रान, ज्याची त्याची कडब्याची खोप, तिच्यात मांडलेले पाच दगडांचे पांडव आणि पुढ्यात ओले दाणे नि पालेभाज्या घोटून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे नि आंबील. ज्याला रान नाही त्यानं बोलावण्याची वाट बघायची. आम्ही मेंढपाळ. आम्ही जन्मभर वाटच बघितली.

बोलावणं यायचं माझ्या वर्गमित्राकडून. त्याच्या घरची जमीन ओढ्यापासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत. "जेव बे, लाजू नको, घरचंच हाय समदं," असं तो म्हणायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. भज्जी लई चांगली असायची, हे आणखी वाईट. तोही माणूस वाईट नव्हता. असता तर बरं झालं असतं, उघड शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याच्या काळ्या रानात खत आमच्या मेंढरांचं. रात्र रात्र तिथं मेंढरं बसवून माझ्या बापाची हाडं गारठली, आणि जोंधळा डोक्याच्या वर गेला की कौतुक मालकाचं.

नोकरी लागल्यावर मी एकच ध्यास घेतला. यंदा माळाच्या कडेला एक मुरमाड तुकडा विकत घेतला. एका कोपऱ्यात हरभरा टाकला, बाकी सगळं पडीक. बायको म्हणाली, "ह्यात काय पिकायचंय?" मला पिकवायचं कुठं होतं! मला त्याला जेवायला बोलवायचं होतं.

येळवशीला तो आला, नवी गाडी घेऊन. मी त्याला खोपीसमोर सतरंजीवर बसवलं आणि म्हटलं, "जेव बे, लाजू नको." त्यानं भज्जी पुन्हा मागून घेतली. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

बाप मात्र सतरंजीवर येईना. कडेला उकिडवा बसून जेवला, हात धुतले, रानभर नजर फिरवली. मग मुंडासं सारखं करत माझ्या मित्राजवळ गेला.

"मालक, रान मोकळंच हाय. आजची रात मेंढरं बसवू का हितं?"

आणि तो, तोंडात घास असताना, माझ्याकडं न बघता म्हणाला, "बसवा की मामा. कावून इचारताव?"

मी पाण्याचा तांब्या धरून उभाच होतो. बापानं त्याला हात जोडले आणि खुशीत मेंढरं आणायला माळाकडं निघाला.