दारव्ह्याची रशियन

यवतमाळला एसटीतून उतरले तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. पुण्यात बारा वर्षं रशियन शिकवणारी मी, आणि माझ्याच प्रकाशकांनी मला दारव्ह्याला धाडलं होतं, कुणा मेश्रामबाईंची रशियन व्याकरणाची वही बघायला. माझं स्वतःचं व्याकरणाचं पुस्तक प्रकाशकांकडे दोन वर्षं पडून होतं. दोन्हींपैकी छापायचं एकच होतं, आणि वही कशी आहे ते मीच कळवायचं होतं.

पुढे जीप. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) उभी होती. शेजारच्या काकू सांगत होत्या की कापसात आता काही राहिलं नाही, म्हणून गावातल्या पोरी रशियाला डॉक्टरकी शिकायला निघाल्यात आणि बाई त्यांची भाषेची तयारी करून घेतात. बाईंचं कौतुक काही संपेना. मी बाहेर बघत बसले.

दारव्ह्याच्या स्टँडवर आलुबोंडा (आपला बटाटेवडा) घेतला. सांबार टाकू काय, असं दुकानदाराने विचारल्यावर मी वाटी मागितली. त्याने बोंड्यावर चिमूटभर कोथिंबीर टाकली. इकडे तिलाच सांबार म्हणतात. तो हसला, मला हसू आलं नाही.

मेश्रामबाई शाळेत गणित शिकवायच्या. रशियन त्या नागपूरच्या रद्दीतल्या जुन्या पुस्तकांवरून एकट्याच शिकल्या होत्या. उच्चार यथातथाच होते. ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ओसरीवर सहा मुली बसल्या होत्या. 'मला थंडी वाजते' हे रशियनमध्ये कसं म्हणशील, असं मी एकीला मुद्दाम विचारलं. माझे पुण्यातले विद्यार्थी इथे हटकून फसतात. इंग्रजीच्या वळणाने 'या खलोद्नी' म्हणतात, म्हणजे 'मी थंडगार आहे'.

"म्न्ये खोलद्ना," ती म्हणाली. जराही अडली नाही.

"मले थंडी," बाई समजावू लागल्या. "त्याईचं म्न्ये म्हंजे आपलं मले. मले थंडी, मले कंटाळा. अन् 'आहे' तं त्याईले लागतच नाही. मी डॉक्टर, झालं वाक्य. मी पोरीईले सांगतो, रशियन तं तुम्ही घरीच बोलून राह्यल्या."

माझ्या पुस्तकात या चतुर्थी विभक्तीवर चौदा पानं आहेत, तक्त्यांसकट. मराठी तर माझीही होती, मग हे मला का सुचलं नाही?

मग मी वही चाळली, तिच्यातही उच्चार तसेच कच्चे लिहिलेले होते. निघताना बाईंनी विचारलं, "मॅडम, वही कशी वाटली? खरं सांगजा."

वही बाद करायला ते उच्चार पुरेसे होते. वाक्य मी मनात जुळवूनही ठेवलं होतं. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"म्न्ये झाविद्ना."

शब्द त्यांना नवा होता. त्यांनी पेन काढलं. "मले... काय?"

"हेवा," मी म्हणाले. "मले हेवा."

त्यांनी तो वहीत कंटाळ्याखाली नीट लिहून घेतला आणि जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा तेही विचारून घेतलं.

परतीच्या गाडीत प्रकाशकांना पत्र लिहिलं. वही छापा, उच्चार मी तपासून देते. माझ्या पुस्तकाबद्दल काही लिहिलं नाही. हेवा पुण्यापर्यंत उतरला नाही, आजही पुरता उतरलेला नाही. त्या रशियन वाक्यात हेवा करणारी 'मी' नसतेच, हेवा आपला मला होतो. त्याला माझा इलाज नव्हता. पण पत्रातल्या वाक्याचा कर्ता मीच होते.