विषम बाजूच्या राख्या

२८ जुलै २०२०. रुपये अकरा हजार चारशे चाळीस फक्त. एवढ्या रकमेच्या राख्या हुस्नबानू मणियार यांनी त्या दिवशी रोखीनं खरेदी केल्या. बँकेत उरलेली एकुलती एक ठेव त्यासाठी मोडली होती. बिलाच्या तळाशी छापलं होतं, माल परत घेतला जाणार नाही. राखीपौर्णिमा तीन ऑगस्टला. चार तारखेला राखीला कोणी विचारत नाही, हे वेगळं सांगायला नको.

हुस्नबानूंचं शनिवार पेठेत बांगड्यांचं दुकान. सासऱ्यांपासूनचं. निम्म्या पेठेच्या मनगटांची मापं त्यांना तोंडपाठ. बाई दारात आली की त्या तोंडाआधी हात बघत आणि 'सव्वादोन' म्हणून मोकळ्या होत. पण मार्चमध्ये दुकानाला कुलूप लागलं ते जूनमध्ये निघालं, आणि निघालं तेव्हा नियम आला की गिऱ्हाइकाला स्पर्श करायचा नाही. आता हात धरल्याशिवाय बांगडी भरायची कशी? हुस्नबानू बांगड्या पुड्यात बांधून द्यायच्या आणि सांगायच्या, "घरी साबण लावून भरा. फुटली तर मला फोन करून शिव्या द्या." शिव्या पुष्कळ आल्या, गिऱ्हाईक मात्र कमी झालं. जुलैत पुन्हा दहा दिवस सगळं बंद. म्हणून राख्या. राखी पुड्यात देता येते, ती बांधायला बहीण असते.

दुसरा नियम बाजूंचा. एरवी गाड्या लावण्यासाठी असलेला पी-वन, पी-टूचा हिशेब आता दुकानांना लागू झाला होता. विषम तारखेला रस्त्याची एक बाजू उघडी, सम तारखेला दुसरी. हुस्नबानूंची बाजू सम. त्यांनी बोटांवर मोजलं होतं: अठ्ठावीस, तीस, एक, तीन. एकाआड एक. एक तारखेला बकरी ईद, तेव्हा त्या दिवशी दुपारनंतर यायचं. आणि तीन तारीख म्हणजे तर खुद्द राखीचा दिवस. हिशेब इतका चोख बसला की त्यांनी चार डझन जास्तीच उचलल्या.

तीस तारखेला, गुरुवारी, त्या राख्या दोरीवर टांगत असताना समोरचे महिपतराव ढवळे आपल्या बंद दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. त्यांचं शालेय गणवेशाचं दुकान. सत्तावीस वर्षं दोघं समोरासमोर, आणि सत्तावीस वर्षं महिपतरावांची तक्रार एकच: भाभी फार मोठ्यानं बोलतात.

"भाभी, शनिवारी उघडणार?"

"दुपारी. ईद आटोपली की येते."

"येऊ नका. एक तारीख विषम आहे."

"अहो, पण आज तीस. मग उद्या तुमची, परवा आमची."

"उद्या एकतीस. विषम. परवा एक. तीही विषम. दोन्ही दिवस आमची बाजू. तुमचा एकच दिवस उरला, रविवार. सोमवारी, राखीला, पुन्हा आम्ही."

हुस्नबानूंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग दोरीवरच्या राख्या पाहिल्या. मग खाली मांडलेली खोकी. तोंडातून शब्द फुटेना, आणि ही गोष्ट सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच घडत असल्यामुळे महिपतराव जरा घाबरले.

"पाणी प्या," ते म्हणाले.

पाणी पिऊन हुस्नबानूंना कंठ फुटला. "महिपतराव, या चार महिन्यांत तुमच्या दुकानात कोण आलं?"

"आला होता ना एक. पत्ता विचारायला." मग थोडं थांबून, "आणि तीन सदरे गेले. शाळा मोबाइलवर, त्यामुळे कमरेखालचा खप शून्य."

"म्हणजे उद्या तुम्ही दुकान उघडून माशा मारणार."

"माशाही अंतर ठेवून आहेत."

"मग माझ्या राख्या ठेवा तुमच्या दुकानात. बाजू उघडी हवी एवढंच ना? माल कोणता ते कुठं लिहिलंय?"

महिपतरावांनी आत जाऊन फाइल आणली. निघालेला प्रत्येक आदेश छापून, भोक पाडून, तारीखवार लावलेला. सगळे आदेश त्यांनी पायरीवर उभं राहून वाचले. "लिहिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "भाडं नको. अट एकच. माझ्या दुकानात मोठ्यानं बोलायचं नाही."

शुक्रवारी गणवेशांच्या हँगरला राख्या लोंबायला लागल्या. हुस्नबानू गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून आयुष्यात प्रथमच कुजबुजत धंदा करत होत्या. मास्कमधून कुजबुज कोणाला ऐकू जाईना, म्हणून भाव महिपतराव सांगत. "ही वीसची, ही तीसची. माया दोन्हीत सारखीच. पुढे चला." आश्चर्य म्हणजे बायका घेत होत्या. एकीनं जाता जाता मुलासाठी चड्डीही घेतली. महिपतराव तिच्याकडे पाहतच राहिले.

शनिवारी सकाळी ईद. हुस्नबानू घरी, दुकानात महिपतराव एकटे. अकराच्या सुमाराला शेजारच्या दुर्गाबाई आल्या. त्यांना राखी मनगटावर कशी दिसते ते बघायचं होतं.

"घालून बघायला बंदी आहे," महिपतराव म्हणाले. "कपड्यांना आहे, म्हणजे राखीलाही आहे."

"मग तुमच्या हाताला बांधून दाखवा."

महिपतरावांनी एक बांधली. दुर्गाबाईंना लाल बरी वाटली, मग मोत्यांची, मग पुन्हा पहिली. सातवी बांधली तेव्हा हात कोपरापर्यंत भरला होता आणि दोऱ्याचं टोक फार लांब राहिलं. कात्री सापडेना. महिपतरावांनी मास्क एका कानावरून काढला आणि दोरा दातात धरला. नेमक्या त्याच क्षणी तपासणीचं पथक दारात उभं राहिलं.

"दुकान कसलं?" साहेबांनी विचारलं.

"गणवेशाचं."

"आणि हे काय?"

महिपतरावांनी भरल्या हातानं फाइल पुढे केली. "तुमच्या आदेशात बाजू आहे, माल नाही. आज बाजू आमची. पान अकरा."

साहेबांनी पान अकरा दोनदा वाचलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मास्क कुठंय?"

पाचशे रुपये दंड झाला. पावती महिपतरावांच्या नावानं फाटली. दुर्गाबाईंनी राखी घेतली नाहीच. म्हणाल्या, सोमवारी बघू.

दोन वाजता हुस्नबानू आल्या तेव्हा महिपतराव एका हातात पावती आणि दुसऱ्या हातावर सात राख्या घेऊन बसले होते. हुस्नबानू इतक्या मोठ्यानं हसल्या की अट तिथल्या तिथे मोडली.

"हसू नका. पाचशे गेले. तुमच्या राखीपायी."

"मास्क माझा होता का?"

"दोरा तुमचा होता."

"दात तुमचे होते."

बराच वेळ वाद चालला. शेवटी ठरलं की दोऱ्याचे अडीचशे आणि दातांचे अडीचशे.

रविवारी हुस्नबानूंच्या स्वतःच्या दुकानासमोर रांग लागली. सोमवारी पुन्हा समोर, दुपारी बारापर्यंत. नऊ राख्या उरल्या. ठेवीची रक्कम निघाली, वर थकलेलं विजेचं बिलही भरून झालं. सोमवारी गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी म्हणालं, भाभी, महिपतरावांनाही एक बांधा की. हुस्नबानू म्हणाल्या, "त्यांच्या हातावर जागा कुठंय?"

पुढे बाजूंचा नियम उठला. दोन्ही बाजू रोज उघडायला लागल्या, शाळा भरल्या, चड्ड्या खपायला लागल्या. हुस्नबानू पुन्हा हात धरून बांगड्या भरतात आणि पूर्वीसारख्याच मोठ्यानं बोलतात. महिपतराव अधूनमधून पायरीवर येऊन अडीचशेची आठवण करतात. विषम तारीख असली तर हुस्नबानू म्हणतात, "आज माझी बाजू बंद आहे, देणार कशी?" सम तारीख असली तर म्हणतात, "आज तुमची बाजू बंद आहे, घेणार कोण?" यावर फाइलमध्ये काही सापडत नाही, महिपतरावांनी पाहिलं आहे.

हुस्नबानू मणियार महिपतराव ढवळे यांचे रुपये दोनशे पन्नास देणे लागतात.