फुलांच्या फर्मचा शिक्का

आमच्या कॉलेजच्या वाणिज्य विभागाच्या दारावर एक फ्लेक्स आहे. त्यावर टाय बांधलेला एक तरुण हाताची घडी घालून उभा आहे आणि त्याच्या मागे काचेच्या उंच इमारती आहेत. तशा इमारती नाशिकमध्ये अजून यायच्या आहेत. खाली लिहिलंय, 'येथे घडतात उद्याचे वित्तनायक'. तरुण इंटरनेटवरून उतरवलेला असल्यामुळे गंगापूर रोडवरच्या एका दंतवैद्याच्या पाटीवरही तोच हसत असतो. मी त्याच्या शेजारून रोज आत जाते आणि मुलांना खेळतं भांडवल शिकवते.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. विद्यार्थ्याने एखाद्या व्यवसायात जाऊन बसावं, तिथे पैसा कसा फिरतो ते पाहावं, लिहावं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना तोंडी समजावून सांगावं, अशी मूळ कल्पना. कल्पना चांगलीच आहे. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याने ती आणखी सोपी केली आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर सगळे प्रकल्प तयार असतात. आपण फक्त कंपनीचं नाव सांगायचं. तो जुनं नाव काढून नवं घालतो आणि काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं उमटवून देतो. मात्र नाव बदललं तरी आतलं काही ना काही राहून जातं. एका पतसंस्थेवरच्या प्रकल्पात मला वाक्य सापडलं होतं, 'ऑक्टोबर छाटणीनंतर ठेवींना घड चांगले लागतात.' मी त्या मुलाला याचा अर्थ विचारला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते नाशिक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात आहे." आमच्याकडे प्रत्येक प्रकल्पाच्या नावात हे शेपूट असतंच, त्यामुळे मी पुढचं पान उलटलं.

या सगळ्यात एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मी आमच्याच धंद्यावर करते."

त्यांचा मळा मखमलाबादकडे. वडील झेंडू, गुलाब, निशिगंध पिकवायचे आणि आई पहाटे फूलबाजारात बसून विकायची. मुलगी आईला गाळा मांडून देऊन मग सकाळच्या तासाला यायची. वर्गात निशिगंधाचा वास आला की मी हजेरी घेताना तिचा नंबर वर न बघताच हजर लावत असे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, अकाउंट्स खात्यात, तिची निवड झालेली होती. अट एकच, निकाल हातात हवा. प्रकल्पात गचकली असती तर वर्ष गेलं असतं, आणि कारखाना काही तिच्यासाठी थांबणार नव्हता.

तिने मन लावून लिहिलं. फक्त एका ठिकाणी अडली. अखेरचा साठा कसा काढायचा? पुस्तकातला साठा गोदामात महिनोन्‌महिने पडून राहतो. हिचा दुपारी माना टाकतो. तिने आईला विचारलं, तर आई म्हणाली, "उरलं तर गाईला. गाय काय पावती देती का?" आम्ही दोघींनी डोकं लावून त्यातून एक वाट काढली.

मग प्रकल्प विभागप्रमुखांकडे गेला. त्यांनी पान उलटलं, शेवटचं प्रमाणपत्र पाहिलं आणि वही मिटली.

"कंपनीचा शिक्का?"

"सर, कंपनी नाहीये. आई आहे," ती म्हणाली.

"आईचा शिक्का चालत नाही. शिक्का नाही म्हणजे प्रकल्प नाही. परीक्षक आधी तेच बघतात. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

ती रविवार कारंज्याच्या चौकात शिक्के करणाऱ्याकडे गेली आणि तिथून तिने मला फोन लावला. "मॅडम, हे काका फर्मचं नाव विचारतायत. आम्हाला नावच नाहीये." शेवटी कुलदेवीचं नाव घेतलं आणि त्यापुढे 'फ्लॉवर सप्लायर्स' जोडलं. यात खोटं काहीच नव्हतं. धंदा खरा, फुलं खरी, देवीही त्यांच्यापुरती खरी. शिक्का तेवढा नवा.

प्रोप्रायटर म्हणून वडिलांचं नाव घालायचं ठरलं होतं. त्यावरून घरी काय झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"प्रोप्रायटर म्हंजे काय गं?" आईने विचारलं.

"मालक."

"मंग ह्यांचं नाव कशाला? पहाटंच्या थंडीत तिथं कोण बसतं?"

वडील जेवता जेवता म्हणाले, "टाक बाई तिचंच. बाजारात मला कुत्रं तरी वळखतं का?"

परीक्षेच्या दिवशी विभागप्रमुखांनी परीक्षकांचं स्वागत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बुके देऊन केलं. परीक्षक स्थूल आणि संथ होते. प्रत्येक प्रश्नाआधी ते चष्मा काढत आणि उत्तर सुरू झालं की पुसायला घेत. मुलीचा प्रकल्प त्यांनी मागच्या बाजूने उघडला. शिक्का होता, जांभळा, ठसठशीत. पण तो इतका कोरा करकरीत होता की त्यांना शंका आली.

"ही फर्म खरंच आहे का?"

"आहे, सर."

"बघू." त्यांनी प्रमाणपत्रावरचा नंबर फिरवला आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"हॅलो, मी विद्यापीठाकडून बोलतोय."

"बोला दादा, लवकर बोला, गिऱ्हाईक हाय. कितीजणांचा?"

"कितीजणांचा काय?"

"सत्कार! इद्यापीठ म्हणलं म्हंजे सत्कारच आसंल."

विभागप्रमुख पंख्याकडे बघायला लागले.

"बाई, मला एवढंच विचारायचंय, तुमची फर्म प्रत्यक्षात अस्तित्वात आहे का?"

"हाय ना. सकाळधरनं बसलीय हितं. तुमाला हार पायजे का बुके? हारच घ्या. बुक्यात निस्तं प्लॅश्टिक, फुलं चार."

परीक्षकांची नजर टेबलावरच्या बुकेवर गेली आणि परत आली. "अहो, मी परीक्षक आहे. पाहुणा म्हणून आलोय."

"मंग तुमी कशाला इकत घेता? हार त्यांनी घालायचा तुमाला. नाय घातला का?"

फोन बंद झाला. खोलीत कोणी हसलं नाही. हसू दाबायला आम्हाला फार कष्ट पडले, पण हसलो नाही. परीक्षकांनी चष्मा काढला.

"साठ्याचा कालावधी काय दाखवलाय?"

"दुपारपर्यंत, सर. पुढे तो साठा राहत नाही, म्हणून मी खर्चात धरलाय. सणाच्या आदल्या दिवशी मात्र भाव चढतो, तेव्हाचं वेगळं मांडलंय, पान पलटलं की दिसेल."

त्यांनी खरंच पान पलटलं. त्या दिवसातलं बहुधा पहिलंच. चष्मा पुसायचं विसरून ते थोडा वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "पुस्तकात असं काही नाही."

"नाही, सर. चुकलं असेल तर सांगा. पण मला पास व्हायचंय."

एवढं सरळ वाक्य आमच्या तोंडी परीक्षेत सहसा येत नाही. त्यांनी मान हलवली, गुण लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. पास होती, व्यवस्थित पास. त्या दिवशी सगळ्यात जास्त गुण पतसंस्थेवरच्या एका प्रकल्पाला पडले. त्याचं बाइंडिंग खरोखर सुंदर होतं.

तोंडीचा निकाल असा सांगायचा नसतो. मी व्हरांड्यात येऊन तिच्याकडे बघून नुसती मान डोलावली. ती तिथेच भिंतीला टेकली आणि तिने आईला फोन लावला.

"आई, झालं. मी जाणार अंबडला."

पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता. आईने आधी कुणाला तरी सुटे परत दिले. मग म्हणाली, "बरं झालं बाई." आणि थोड्या वेळाने, हलक्या आवाजात, "मंग सकाळी गाळ्यावर कोण गं?"

हा प्रश्न प्रकल्पात कुठेच नव्हता. मीही तिला कधी विचारला नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग फोनला तोंड लावून म्हणाली, "पहाटे मीच. गाळा मांडून देईन आणि जाईन. कॉलेजला नाही का येत होते?"

"आन थकली म्हंजे?"

"थकले तर बघू," ती म्हणाली आणि डोळे पुसून तासाला निघून गेली. तास माझाच होता. मी मागून गेले.