कोरमपुरता माणूस

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, पोस्टमन आहेत. सव्वीस वर्षं टेकडीवरचा बटवडा त्यांच्याकडे आहे. दोनशे चाळीस पायऱ्या, एकशे दहा घरं. अगदी वरच्या घरात त्यांना चौथीत शिकवलेल्या बाई एकट्या राहतात. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, आणि त्यांची औषधं दर आठवड्याला पार्सलने येतात. भावोजी पार्सल नुसतं देत नाहीत, बाटल्यांची झाकणंही सैल करून देतात. मी त्याच पोस्टात टपाल लावायच्या टेबलावर असतो, त्यामुळे हे सगळं रोज ऐकतो.

तीन वर्षांपूर्वी वर कोणाला तरी उमाळा आला, की देशाचं टपाल चालवणाऱ्या मंडळावर एक तरी माणूस पत्रं वाटलेला असावा. नऊ जागांतली एक कर्मचाऱ्यांना मिळाली आणि भावोजी भरघोस मतांनी निवडून आले. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अहो, तिथे खाकी घालून जाऊ नका," ताई म्हणाली, "नाहीतर तुमच्याच हातात टपाल ठेवतील." तिने त्यांच्यासाठी नवा सदरा शिवून घेतला.

मंडळाचे अध्यक्ष आयुष्यभर सिमेंट विकून आलेले. एक प्राध्यापक होते, ते दर सभेला रंगीत तक्ते आणत. एकाची स्वतःची कुरियर कंपनी होती. बाकीचे आले तर आले. पाच डोकी जमली की कोरम पुरा. उंटावरून शेळ्या हाकायला फार माणसं लागत नाहीत.

एका सभेत विषय निघाला: टेकड्यांवरचा घरपोच बटवडा बंद करायचा आणि पायथ्याशी पेट्या बसवायच्या. भावोजींनी घसा खाकरला, तेवढ्यात सचिवबाईंनी नियमाचं पुस्तक उघडलं. ज्या सभासदाचा विषयात हितसंबंध असेल, त्याने बाहेर जावं.

"तुमची बीट टेकडीवरच आहे ना? मग तुम्ही जरा बाहेर थांबा."

कुरियरवाल्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. त्याचा बिचाऱ्याचा टपालाशी काय संबंध!

भावोजी बाहेर गेले आणि माशी शिंकली. आत चौघेच उरले. शिपाई धावत आला, "आत बोलावलंय." आत गेले तर कोरम पुरा, पण हितसंबंध आडवा. बाहेर आले तर हितसंबंध गेला, पण त्याच्याबरोबर कोरमही गेला. अशा चार फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा बाहेर काढल्यावर भावोजी थांबलेच नाहीत. तडक जिना उतरले, त्याच रस्त्यावरच्या आमच्या पोस्टात आले आणि दुपारचं टपाल घेऊन टेकडी चढले. सभा गुंडाळावी लागली.

पुढचे आठ दिवस टेकडीवर त्यांचा काय थाट! बाईंनी तर त्यांच्या पाठीवर थाप मारली. "एकट्याने थांबवलंस रे, गाढवा," म्हणाल्या. चौथीतही त्या त्यांना गाढवच म्हणत, पण या खेपेला भावोजींना ते फार गोड लागलं.

मंडळापुढे सोपा उपाय होता. न येणाऱ्या चौघांपैकी एकाला फोन करायचा. पण सोपं काम करायला मंडळ कशाला लागतं? त्यांनी सल्लागार नेमला. त्याने नव्वद पानांचा अहवाल दिला आणि त्यातून पुढच्या सभेचा तिसरा विषय निघाला: 'सभासदांच्या सोयीसाठी दालनाबाहेर गादीची एक खुर्ची ठेवावी; तीवर बसलेला सभासद सभेस हजर समजावा व त्याचे मौन ही संमती समजावी.'

मागच्या खेपेला उभं राहून भावोजींच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. खुर्चीपर्यंत वाचून त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"म्हटलं, चला, एक तरी माणुसकीचं काम केलं यांनी," नंतर ते मला सांगत होते.

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. सव्वीस वर्षं घरोघरी लोकांना पत्रं वाचून दाखवणारा माणूस, आणि स्वतःपुढचा कागद अर्धा वाचून ठेवतो!

चौथा विषय टेकडीचा होता. त्याही दिवशी पाचच जण आले होते. भावोजी बाहेर आले ते निघून जायच्या बेतानेच. पण शिपायाने खुर्ची पुढे सरकवली, वर चहाही आणला. आता चहा उभ्याने कशाला प्यायचा, म्हणून ते टेकले. दार लागलं. कप रिकामा व्हायच्या आत ठराव झाला होता: हजर पाच, विरोध नाही, एकमताने मंजूर.

महिन्याभरात पत्रक निघालं. खाली पाच नावं छापलेली, शेवटचं भावोजींचं. प्रत्येक पाकिटात नव्या पेटीची किल्ली. आणि वाटायचं कोणी? ज्याची बीट त्याने. एकट्याने जायचा त्यांना धीर होईना, म्हणून मी रजा टाकून बरोबर गेलो. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला आणि पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"हे नाव तुझंच ना?"

"हो, बाई."

"म्हणजे तू होतास तिथे."

"दाराबाहेर होतो."

"मग बाहेरून ओरडायचंस तरी."

भावोजींनी पिशवीतून एक कागद काढला. किल्ली मिळाल्याची पोच घ्यायची होती. बाईंनी मांडीवर उशी ओढून तिच्यावर कागद ठेवला आणि पेन मागितलं.

"सही कुठे करू?" त्यांनी विचारलं.

भावोजींनी वाकून बोटाने जागा दाखवली.