स्कारनेसची पांढरी भिंत

पोर्टगॅरीत गिल्बर्ट मेअर नावाची पाच माणसं आहेत, त्यामुळे नावाचा इथे कुणाला फारसा उपयोग नाही. माणूस ओळखला जातो तो टोपणनावाने. ते मतदारयादीत असतं, लग्नाच्या आमंत्रणावर असतं आणि शेवटी थडग्यावरही कोरलं जातं. आमच्या गिल्बर्टचं टोपणनाव बटण. त्याचे वडील बटण, आजोबाही बटण. हे नाव कसं पडलं ह्याच्या गावात बऱ्याच कथा आहेत आणि साऱ्या कथांमध्ये चूक स्कारनेसच्या लोकांची आहे. स्कारनेस हे किनाऱ्याने सात मैलांवरचं शेजारचं गाव. तिथे ह्याच कथा उलट्या सांगतात.

बटण आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेला. बुटका, रुंद, बारा महिने निळ्या लोकरी जर्सीत. जमिनीवर तो पाय असे टाकतो, जणू ती केव्हाही एका बाजूला कलेल. उभी हयात समुद्रावर गेली. आता भाची एल्स्पेट त्याच होडीवरून खेकड्यांचे पिंजरे टाकते आणि तो धक्क्यावर बसून तिला सल्ले देतो. ती ते वाऱ्यावर सोडते.

मी इथला पाद्री. हे वाक्य बटणासमोर उच्चारायची सोय नाही. आमचे मासेमार काही शब्द तोंडावाटे काढत नाहीत: डुक्कर, ससा, एक लाल मासा आणि पाद्री. चुकून कानावर पडलाच तर लगेच लोखंडाला हात लावायचा. रविवारी बटण चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतो आणि खर्जात इतकं सुंदर गातो की माझं प्रवचन त्याच्या दोन गाण्यांमधली विश्रांती वाटावं. सोमवारी धक्क्यावर मी दिसलो की खिशातला जुना खिळा चाचपतो आणि माझ्या आरपार बघतो. वीसेक वर्षं हे असं चाललंय. रविवारी मी माणूस असतो, बाकीचे दिवस हवामान.

त्याचा धाकटा भाऊ लिंडसे. एकोणिसाव्या वर्षी एका नोव्हेंबरात होडीवरून गेला. त्याच होडीवर बटण सुकाणूला होता. लाट आली, लाट गेली, आणि डेकवर एक माणूस कमी होता. शोध संध्याकाळपर्यंत चालला. पण पहिल्याच क्षणी, हाका मारायच्याही आधी, बटणाने मान वळवून किनाऱ्याकडे पाहिलं आणि खुणा धरल्या. हे तो ठरवून करत नव्हता. माशांची जागा लक्षात ठेवायला आयुष्यभर हेच केलेलं. एक खूण अशी की आमच्या चर्चचा मनोरा बरोबर काळ्या खडकाच्या टोकावर आला होता. दुसरी अशी की स्कारनेसच्या शेवटच्या घराची समुद्राकडची पांढरी भिंत बरोबर नॉक टेकडीच्या उंचवट्याखाली होती. ह्या दोन रेघा पाण्यावर जिथे एकमेकींना छेदतात तिथे लिंडसे आहे. त्याला दुसरं थडगं नाही.

दर वर्षी जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी बटण तिथे जातो, इंजिन बंद करायला लावतो आणि बसतो. प्रार्थना म्हणत नसावा. तसं असतं तर कुणीतरी मला बोलावलं असतं, किंवा नेमकं म्हणूनच बोलावलं नसतं.

ह्या मे महिन्यात एल्स्पेट सांगत आली की स्कारनेसची भिंत दिसत नाही. घर जागेवर आहे, पण भिंतीवर काळ्या फळ्या ठोकल्यात, आणि लांबून ती मागच्या टेकडीत विरघळून जाते. तिने मामाची समजूतही घातली: जागा होडीवरच्या उपग्रह-नकाशाच्या पडद्यावर कधीचीच साठवलेली आहे, लाल ठिपका आहे, काही हरवत नाही.

"मग ठिपक्याकडं बघत बसू?" बटण म्हणाला. "लिंडसे काय पडद्यात बुडाला?"

तिसऱ्या दिवशी तो माझ्या दाराशी आला. दाराची लोखंडी कडी त्याने जाताना-येताना अशी दोनदा धरली. स्कारनेसला जाऊन भिंतीचं काय ते विचारायचं, असं त्याचं ठरलं होतं. गाडीने नाही. गाडीरस्ता शेतांमधून जातो, आणि परक्या गावात मागच्या बाजूने शिरणं त्याला पटत नव्हतं. किनाऱ्याने चालत जायचं. डॉक्टरांनी एकटं जायला मनाई केलेली, एल्स्पेट कामात, आणि गावात दुसरं कुणी रिकामं नाही. माझ्या पेशाचं इतकं नेमकं वर्णन मी पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीतही ऐकलं नव्हतं.

"सोमवारी तुम्ही जाता ना त्या वाटेनं?"

जातो म्हटलं.

"मग माझ्या मागून चला. पुढं यायचं नाही. आणि ते तुमचं काही काढायचं नाही."

"माझं काय?"

"तेच. रविवारी असतं ते."

निघताना आमच्यापैकी, म्हणजे माझ्या पेशातला, कुणी समोर आला तर मासेमाराचा दिवस बुडतो. मागून आला तर चालतं बहुतेक. तर वाट ठाऊक असलेला मी मागे आणि जन्मात त्या वाटेवर पाऊल न टाकलेला बटण पुढे, असे आम्ही सकाळी निघालो.

खरोखरच तो कधी चालला नव्हता तिथे. समुद्रावर जायचं सोडून कड्यावर फिरणारा माणूस त्याच्या मते एक तर एडिंबरोचा असतो किंवा प्रेमात असतो. पण किनाऱ्याचा दगडन् दगड आपल्याला पाठ आहे ह्याची त्याला खात्री होती. होताही पाठ, फक्त पाण्याच्या बाजूने. पहिला मैल संपायच्या आत तो थांबला. समोर गवताचा उतार, त्यावर गुलाबी फुलांचे गुच्छ, दोन मेंढ्या. ह्यातलं काहीही त्याच्या ओळखीचं नव्हतं. आपल्या बायकोला आयुष्यभर समोरून पाहिलेल्या माणसाला एके दिवशी तिची फक्त पाठ दाखवावी, तसा तो बघत राहिला.

मग त्याने उपाय काढला. जमिनीचं टोक समुद्रात घुसलेलं दिसलं की वाट सोडायची, टोकाच्या शेवटच्या खडकापर्यंत जायचं, समुद्राकडे पाठ करायची आणि मागे वळून किनारा बघायचा. "हां," तो एखादा खडक ओळखून म्हणायचा, "ही तर म्हातारी." किंवा "हे दोघे भाऊ." मग समाधानाने परत वाटेवर. पुढच्या टोकाला पुन्हा तेच. एरवी मी तीन तासांत संपवतो ती वाट त्या दिवशी संपेचना. मला तक्रार नव्हती. गोर्सची काटेरी झुडपं फुलांनी पिवळीधमक पेटलेली होती आणि ऊन लागलं की त्यांना ओल्या नारळाचा वास येतो. खाली कपारींतून पक्ष्यांचा गलका कुणीतरी दार उघडझाक करावं तसा वर येत होता. समुद्र इतका स्थिर होता की एक सील पाण्यात उभा राहून आमच्याकडे बराच वेळ बघत बसला. बटणाने त्याला मान लववली. मला कधी लववली नव्हती.

दुपारी आम्ही एका टोकावर ओटकेक आणि चीज खाल्लं. थर्मासमधला चहा त्याने पाठ वळवून माझ्या कपात ओतला. लिंडसेबद्दल तो आपणहून बोलला, समुद्राकडे बघत. पोरगा चांगलं गायचा. बोटीवर शीळ घालू नये, तरी घालायचा. दर वेळी मार खायचा आणि दर वेळी विसरायचा. त्या सकाळीही घातली होती. बटणाने त्याला त्या दिवशी मारलं नव्हतं, कारण सूर बरा लागला होता. एवढं बोलून त्याने खिशातला खिळा धरला आणि मला वाटलं, निदान ह्या वेळी तरी तो माझ्यामुळे नसावा.

मग धुकं आलं. आमच्याकडे मे महिन्यात ते समुद्रावरून असं येतं, जसं कुणी झोपलेल्या माणसावर चादर ओढावी. आधी क्षितिज गेलं, मग सील, मग मेंढ्या. थोड्या वेळाने पुढे चालणारी निळी जर्सी करडी झाली आणि आमच्या पावलांचे आवाजही आमचे वाटेनासे झाले. वळून बघायला किनारा उरला नाही. आता बटणाला म्हातारीही नव्हती आणि दोघे भाऊही नव्हते. तो थांबला, आणि मागे न बघता म्हणाला, "वाट कुठंय?"

डावीकडे, मी म्हटलं. तो डावीकडे वळला. मग मी मागून 'उजवीकडे', 'जपून', 'पायरी' असं म्हणत राहिलो आणि तो पुढे चालत राहिला. पुढे ये, असं त्याने म्हटलं नाही आणि मीही गेलो नाही. काही गोष्टी इतकी वर्षं सांभाळल्यावर धुक्याच्या कारणाने मोडू नयेत. मला मात्र सारा वेळ वाटत होतं की आम्ही दोघे जमिनीवरून चालतच नाही आहोत. कुणीतरी इंजिन बंद केलंय आणि आम्ही नुसते वाहत चाललोय.

स्कारनेसला पोचलो हे फक्त कुत्रं भुंकलं म्हणून कळलं. बटण दमला होता. समोर काहीतरी काळं उभं होतं, त्याला हात टेकून तो वाकून श्वास घेऊ लागला. तेवढ्यात धुक्यातून एक बाई बादली घेऊन आली. अंगावर पुरुषी जॅकेट, पायांत गमबूट, वय त्याच्याहून दोन-चार वर्षं जास्तच.

"कुणाचा रे तू?"

"बटणांचा. पोर्टगॅरीचा. ते पांढऱ्या भिंतीचं, बेथाया स्लेटरचं घर कुठं आलं?"

"टेकून उभा आहेस त्यालाच."

बटणाने हात असा काढला, जणू भिंत तापलेली होती. मग पुन्हा ठेवला, आणि फळीवरून वर, जिथे धुकं होतं तिथपर्यंत बघत राहिला.

ती बाई म्हणजेच बेथाया. तिने आम्हाला आत घेतलं, म्हणजे त्याला घेतलं आणि मी मागोमाग गेलो. धुरावलेल्या हॅडक माशाचं गरम सूप पुढे ठेवलं. ती स्वतःच बोलत होती. भिंत तिच्या बापाने रंगवायला घेतली, आपल्याच होडीला दिसावी म्हणून. तो समुद्रातून परत आला नाही त्या वर्षी आई शिडीवर चढली. मग बेथाया. दर मे महिन्यात चुना, न चुकता. पण आता पाऊस भिंतीतून आत येतो, तिचा पलंग ओला होतो, आणि गुडघे शिडीचं नाव काढू देत नाहीत. जावई फळ्या ठोकून गेला. काळ्या, कारण त्या त्याच्याकडे उरलेल्या होत्या.

"आता सगळ्यांकडं पडदे आहेत," ती म्हणाली. "म्हटलं, बघतंय कोण?"

बटणाने चमचा खाली ठेवला.

"मी बघतो."

मग त्याने लिंडसेबद्दल सांगितलं. माझ्याकडे कड्यावर बोलला त्याहून कमी शब्दांत: मनोरा, खडक, भिंत, टेकडी. तिला अधिक सांगावं लागलं नाही. ती उठली, खिडकीपाशी गेली. काच पांढरीशुभ्र होती, पलीकडे काहीच नव्हतं. तिथूनच तिने विचारलं, कोणत्या साली गेला. त्याने सांगितलं. त्या साली शिडीवर मीच होते, ती म्हणाली.

नंतरचा व्यवहार झटपट झाला. फळ्या काढायच्या नाहीत, पलंग कोरडा हवा. पण काळ्याच राहाव्यात असं जावयाने काही म्हटलेलं नाही. पांढऱ्या रंगाचे दोन डबे होडीसाठी आणलेले शेडमध्ये पडून होते, शिडीही होती. बटणाने जर्सीच्या बाह्या वर सारल्या आणि बेथायाने त्याला दंड धरून खाली बसवलं.

"स्कारनेसच्या शिडीवरून पोर्टगॅरीचा बटण पडला, तर पुढची शंभर वर्षं आम्हालाच ऐकावं लागेल. तुझ्या मागं तो कोण उभा आहे मघापासून?"

बटणाने वळून पाहिलं. चुलीच्या उजेडात तो मला पहिल्यांदा नीट बघत होता असं वाटलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण त्याला वर चढता येईल."

अशा रीतीने स्कारनेसची भिंत मी रंगवली. वरच्या टोकाला मला माझा ब्रशही दिसत नव्हता; पांढऱ्यात पांढरं लावत होतो आणि खालून दोन म्हाताऱ्यांचे आवाज येत होते. कोपरा राहिला. राहिला नाही. ह्यांच्याकडची माणसं अशीच. संध्याकाळी एल्स्पेट गाडी घेऊन आली. मामा पुढे बसला, मी मागे.

सर्वांत मोठा दिवस उजाडला तेव्हा हवा स्वच्छ होती. होडीवर येता का, असं मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मीच घाबरलो असतो. मी चर्चच्या अंगणात, मनोऱ्याच्या पायाशी जाऊन उभा राहिलो. तिथून काळ्या खडकाचं टोक समोरच दिसतं. होडी लहान होत होत लांब गेली, मग वळली आणि हळूहळू सरकत बरोबर त्या टोकावर आली. म्हणजे माझ्याकडची रेघ जुळली. दुसरी, स्कारनेसच्या भिंतीची, जुळतेय की नाही हे मला इथून कळणं शक्य नव्हतं. होडी त्याच रेघेवर थोडी पुढे गेली. थांबली. पुन्हा थोडी मागे आली, अंधारात हात पलंगाची कड शोधतो तशी. मग अगदी जराशी पुढे.

आणि इंजिनाचा आवाज बंद झाला.