पाण्यात बुडवलेली चकती

अर्कवाल्यांचं खरं नाव सासरी कुणी घेत नसे. हे टोपणनाव सासऱ्यांनी पाडलं आणि ते चिकटलं. जावई काय करतो असं कुणी विचारलं की सासरे सांगत, पाला कुटतो, गाळतो आणि बुरशीला पाजतो, डॉक्टरेटचं घोडं मात्र अजून पेंड खातंय. मंडळी हसत, अर्कवालेही हसत. बायको तेवढी हसत नसे. दवाखान्याच्या खिडकीत दिवसभर केसपेपर लिहून ती संसार ओढत होती. पदवी मिळाली की मूल, असं दोघांचं लग्नातच ठरलं होतं. पदवी लांबत गेली आणि तिचे केस पिकायला लागले.

काम दिसायला सोपं. एका रानटी झुडपाची पानं सावलीत वाळवायची, दळायची, स्पिरिटात भिजवून अर्क काढायचा. कागदाची बटणाएवढी चकती त्यात बुडवून नायट्याची बुरशी पेरलेल्या काचेच्या प्लेटवर ठेवायची. चार दिवसांनी सगळी प्लेट पांढऱ्या लवेने भरे, चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल उरे. तो पाहून अर्कवाल्यांचा ऊर भरून येई. अँटिऑक्सिडंटची तपासणी तर त्याहून देखणी. जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकले की ते पिवळं पडे. अर्थात चहाची पत्ती उकळून टाकली तरी ते पिवळंच पडतं. सगळी भिस्त त्या गोलावर होती.

मार्गदर्शक सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, चकती ओलीच ठेवायची, वाळली की पानाचा गुण उडतो. तुलनेसाठी शेजारी पाण्यात बुडवलेली दुसरी चकती. तिच्याभोवती गोल कधी उमटला नाही. सरांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. मार्गदर्शनाच्या बदल्यात सरांच्या इतर सगळ्या कामांच्या प्लेटाही, म्हणजे बुरशीचं पातळ खाद्य बशांत थिजायला, अर्कवालेच ओतत.

प्रबंध बाहेरच्या परीक्षकाकडे गेला. त्याने एकच गोष्ट मागितली. पाण्याऐवजी नुसत्या स्पिरिटात बुडवलेली चकती ठेवून दाखवा. अर्कवाल्यांनी हसत हसत ठेवली. झाकण उघडलं तर दोन्ही गोल सारखे. मोजपट्टी लावली, तरी सारखे. मग अर्काची चकती नीट वाळवून ठेवली. बुरशी तिच्यावर चढून बसली. इतकी वर्षं बुरशीला मारत होतं ते स्पिरिट, पानाने काहीच केलं नव्हतं.

प्लेट घेऊन ते सरांकडे गेले. सरांनी ती एकदा पाहिली आणि बाजूला ठेवली.

"हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही, सर?"

"सांगितलं असतं तर तू गेला असतास. इतक्या नीट प्लेटा ओतणारा माणूस मला कुठे मिळाला असता?"

आवाजात राग नव्हता, लाज तर मुळीच नव्हती. दुसरं झुडूप घे, वर्षभरात उरकू, असं सर म्हणाले आणि सोमवारच्या प्लेटा ओतून जायला सांगितलं. ती बुरशी त्यांच्या तोंडावर फेकावी असं अर्कवाल्यांना वाटलं. पण पदवीला सही सरांचीच लागणार होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्यांनी प्लेटा ओतल्या, आणि एकीतही बुडबुडा राहू दिला नाही.

घरी बायको वाट पाहत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, मूल हवं असेल तर आता, पुढे आशा धरू नका.

"खरं काय ते सांगा," ती म्हणाली. "पदवी जमत नसेल तर राहू दे. पण मग मी थांबणार नाही, आपण मूल होऊ देऊ."

खरं सांगायचं तर तिची उमेदीची वर्षं आपण स्पिरिटात बुडवली, हे कबूल करावं लागलं असतं. अर्कवाल्यांना ते झेपेना.

"झाल्यातच जमा आहे," ते म्हणाले. "फक्त एक वर्ष थांब."

"तुम्ही म्हणताय तर थांबते," ती म्हणाली आणि पानं वाढायला आत गेली.