तबकड्यांवरची लाख

इतकी वर्षे झाली, तरी ही हकिगत मनातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि ते सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. या प्रकरणात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. तरीही हे लिहायला बसायला मला निवृत्तीनंतर बराच काळ लागला.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. ओझरकडच्या विमान कारखान्याच्या कामासाठी आलेली रशियन कुटुंबे तेव्हा बाजारात सर्रास दिसत, आणि मेनरोडवरचे दुकानदारसुद्धा मोडकेतोडके रशियन बोलत. एके सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. इंदिरानगरात एक सरकारी कारकून राहतो, त्याच्याकडे दर रविवारी दुपारी एक रशियन येतो, एक पिशवी देतो, दुसरी घेऊन जातो, दोघे दार लावून घेतात आणि आतून किंचाळण्याचे आवाज येतात, अशी खबर होती.

हेरगिरी! तो शब्द माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि त्याच्या शेजारी माझ्या बढतीचा हुकूम. खबर कुणी दिली, का दिली, हे आधी तपासायला हवे होते. ते राहिले बाजूला, मी दोन पंच आणि हवालदार घेऊन जीपने निघालोसुद्धा.

कारकून पस्तिशीचा, किडकिडीत, बौद्ध कुटुंबातला. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअर, आणि कपाटात एकतीस ग्रामोफोन तबकड्या, सगळ्या रशियन. कव्हरांवर खांद्यापर्यंत केस वाढवलेले, चामडी पट्टे आवळलेले बाप्ये. शिवाय एक वही सापडली. तिच्यात रशियन अक्षरे, लांबलचक आकडे आणि मधूनच मराठीत ‘बाजू २, तिसरे, लय भारी’ अशा नोंदी. मला वाटले, झाले, सांकेतिक लिपी हाती लागली.

पंचनामा सुरू झाला. जप्त वस्तूवर पंचांच्या सहीची चिठ्ठी लावून लाखेचे सील करायचे असते. कागदपत्रांच्या बाबतीत मी फार काटेकोर, आणि त्याचा मला तोराही होता. कव्हराला सील केले आणि आतली तबकडी कुणी बदलली, तर कोर्टात वकील माझी सालटी काढणार. म्हणून मी हवालदाराला प्रत्येक तबकडीवरच सील करायला सांगितले. त्याने मेणबत्ती पेटवून लाख वितळवायला घेतली.

“साहेब, कव्हरवर लावा ना,” कारकून म्हणाला. “तबकडीवर गरम लाख पडली तर ती परत वाजायची नाही.”

“मला कायदा शिकवतोस?”

“नाही साहेब. सगळ्या एकाच गाठोड्यात बांधून वर सील मारलं तरी चालेल ना?”

चालले असते. नियमातही बसत होते. पण पंचांसमोर एका कारकुनाने मला सुचवावे, हे मला झोंबले. “लाव,” मी हवालदाराला म्हटले. एकतिसांवर सील होईपर्यंत कारकून भिंतीला टेकून बघत होता. बायकोने त्याचा दंड धरून ठेवला होता.

तीन दिवस मी त्याला सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ठाण्याच्या बाकावर बसवले. हात उचलला नाही, हे पुढे मी स्वतःला अनेकदा बजावले. पण त्याच्या कचेरीत फोन करून हेरगिरीचा संशय मीच कळवला होता, आणि दुसऱ्याच दिवशी तो निलंबित झाला. चौकशीत त्याचे एकच म्हणणे होते. रशियनाला हिंदी सिनेमाची गाणी हवी असत, याला रशियन रॉक. तबकडीला तबकडी, एवढाच व्यवहार.

“रशियन येतं तुला?” मी विचारले.

“अक्षरं लागतात, साहेब. अर्थ नाही लागत.”

“मग ऐकतोस काय, डोंबल?”

“मी दिवसभर जावक बारनिशीत पत्रांच्या नोंदी लिहितो. वर मान करून बोलायची सोय नाही. तिकडच्या सरकारनंच काढलेली तबकडी, आणि तिच्यावर ही माणसं एवढी जीव तोडून ओरडतात. ऐकून बरं वाटतं मला.”

हवालदाराने तोंड फिरवून हसू दाबले. मी जबाबात लिहिले, सदर इसम उडवाउडवीची उत्तरे देतो.

चौथ्या दिवशी वरिष्ठांनी एका दुभाषी बाईंना पाठवले. त्यांनी वहीची दोन पाने चाळली आणि चष्मा काढला. “फौजदारसाहेब, ही यादी आहे हो. हा तबकडीचा छापील क्रमांक, हे गाण्याचं नाव, आणि ते यांना किती आवडलं ते.” मला पटेना. तेव्हा त्या म्हणाल्या, “मग वाजवूनच बघू या की.”

जप्त केलेला रेकॉर्ड प्लेअर टेबलावर मांडला. ढोल धडाडले, मग एका माणसाने असा आवाज लावला की बाहेर तक्रार द्यायला आलेले लोक दारात गोळा झाले. किंचाळणे ते हेच. थोड्या वेळाने सुई लाखेवर आदळली, उडाली, पुन्हा आदळली.

“हे कुणी केलं?” बाईंनी विचारले.

हवालदार माझ्याकडे बघू लागला.

“सील आहे,” मी म्हणालो.

“तबकडीवर?” त्यांच्या स्वरात राग नव्हता, नवल होते. माझे कान तापले.

त्या रशियनाबद्दलही कुठून काही आक्षेप निघाला नाही. आजूबाजूला विचारपूस केल्यावर फोन करणारे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ निघाले. त्यांची रविवारची दुपारची झोप मोडत होती.

आठवड्याने मी कारकुनाला मुद्देमाल न्यायला बोलावले. चौकशीत आक्षेपार्ह काही आढळले नाही, असे ठाण्याचे पत्र मिळाल्याशिवाय त्याला कामावर घेणार नव्हते. ते पत्र सहीशिक्क्यासह माझ्या टेबलावर तयार होते. त्याने एकेक तबकडी काढून खिडकीच्या उजेडात धरली. एकीवरची लाख नखाने खरवडून पाहिली, तर लाखेबरोबर खालच्या रेघाही गेल्या. सगळ्या पाहून झाल्यावर मी पावती पुढे केली. छापील मजकूर होता: ‘मुद्देमाल सुस्थितीत परत मिळाला. माझी काही तक्रार नाही.’

त्याने तो दोनदा वाचला. “साहेब, ‘सुस्थितीत’ एवढा एक शब्द खोडू का?”

माफी मागायची वेळ तीच होती. मला ते तेव्हाही कळत होते. पण शब्द खोडला की वरून विचारणा होणार, लेखी खुलासा द्यावा लागणार. मी त्या पत्रावर हात ठेवला आणि म्हणालो, “पावतीत खोडाखोड चालत नाही.”

त्याने माझ्या हाताकडे पाहिले आणि सही केली. मग मी त्याला पत्र दिले.

पुढे बदली होईल त्या प्रत्येक ठाण्यात मी नव्या पोलिसांना शिकवले, की वस्तूला इजा होईल असे सील करू नये. हे मला एका कारकुनाने आधीच सांगितले होते, हे मात्र कधी बोललो नाही. संशय चुकतो, कुणाचाही चुकतो. त्याची मला फारशी लाज वाटत नाही. चूक कळल्यानंतर मी त्याच्याच हाताने खोटे लिहून घेतले, त्याची वाटते. तपासात आरोपी कसा आहे यापेक्षा तपास करणारा अधिकारी कसा आहे हेच जास्त कळते, एवढे मी या प्रकरणातून शिकलो.

निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठ भाषणात म्हणाले, की सबंध नोकरीत या अधिकाऱ्याविरुद्ध एकाही नागरिकाची तक्रार नाही. खूप टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो होतो, आणि लोकांना तो माझा विनय वाटला.